हेडी आणि पोराचं मशीन

समोरच्याशी बोलताना तो डोळ्यांकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. बोलता बोलता उजव्या हाताचा अंगठा आपोआप वर यायचा. वाटायचं, आता हा आपला खालचा ओठ धरून खाली ओढणार आणि आपलं वय सांगणार.

"दात बघा, दात," म्हणायचा. "बाकी समदा रंग हाय."

गुरांचा हेडी होता तो. हेडी म्हणजे दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये हा. तिसगावच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून रंगवलेली असायची, अंगाला तेल चोपडलेलं असायचं, गळ्यात नवे घुंगरू. हा त्यातलं काहीच बघायचा नाही. सरळ जाऊन जबडा उघडायचा. "जुळलेला हाय," एवढंच म्हणायचा, म्हणजे सगळे दात आलेले, जवानी संपलेली. विकणाऱ्याचं तोंड उतरायचं. सगळे त्याला आबा म्हणायचे, मीही आबाच म्हणायचो. प्रेमाने नव्हे. दुसरं काय म्हणणार?

माझा टेम्पो होता. त्याने जमवलेली जनावरं मी गावोगाव पोचवायचो. शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील तर सोडून द्या. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी उरलं नाही. ती असती तर हे लिहिलं नसतं, तिलाच बोलून दाखवलं असतं. ती म्हणाली असती, "त्या मेल्याचं काय कौतुक लावलंय." कौतुक नाहीच. माणूस वाईट होता. पण तुम्हीही आयुष्यात अशी माणसं बघितली असतील, वाईट असून विसरता न येणारी.

एकदा एक म्हातारा शेतकरी आपला बैल घेऊन आला. बैलाचे गुडघे सुजलेले. म्हातारा म्हणाला, "आबा, डाक्टर म्हनतो दवा करा, उठंल. करू का?"

आबाने बैलाचं तोंड उघडलं, मिटलं. "दवा तू घे. तुला गरज हाय. ह्याला खाटकाकडं धाड."

"घरचा हाय वो."

"घरचा हाय म्हनून गुडघा बरा व्हतो का? जुन्यावर खर्च करायचा न्हाई. जुनं खातंय तेवढंच खातंय आनि चालतंय निम्मं."

म्हातारा तिथेच डोळे पुसायला लागला. आबा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा.

माझ्या बायकोलाही त्याने सोडलं नाही. तिला दम्याचा त्रास होता. तो ओट्यावर बसला होता, ती आत खोकत होती. मला म्हणाला, "डायवर, हिचा दम ऐक. आताच बदलून घे, नंतर कोन न्हेनार न्हाई."

आतून आवाज आला, "आबा, आधी तुमचं तोंड उघडा. किती उरल्यात ते बघू."

त्याचे पुढचे दोन पडलेले होते. तो एवढा हसला, एवढा हसला की त्यालाच ठसका लागला. माझ्या बायकोवर त्याची मर्जी होती ती तिच्या तोंडामुळे. रोज संध्याकाळी ती त्याच्या घरून दूध आणायची. त्यांची तांबडी गाय होती, गावरान. वहिनींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरून वासरू म्हणून आलेली. त्या घरात वहिनींचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्याला एकच मुलगा. पोरगं हुशार होतं आणि गोठ्यात रमायचं. त्याने एक खोंड स्वतःच्या हाताने वाढवला होता, पाखऱ्या नावाचा. दहावीची परीक्षा आली तेव्हा पाखऱ्या पायात खिळा जाऊन लंगडत होता. पोरगं पेपर लिहायला गेलं आणि आबाने मागे पाखऱ्या विकला. परीक्षेचा दिवस मुद्दाम धरला, पोरगं आडवं येऊ नये म्हणून. जनावर माझ्याच टेम्पोत गेलं.

पोरगं परत आलं तेव्हा मी ओट्यावर चहा पीत होतो. काखेत लिहायचा पुठ्ठा, हातात कंपासपेटी.

"पाखऱ्या कुठाय?"

"लंगडत हुता," आबा म्हणाला.

"चार दिवसांत बरा झाला असता."

"झाला आसता, न्हाई झाला आसता. मी आसता-नसताचा धंदा करत न्हाई."

पोरगं रडलं नाही. गोठ्यात गेलं, मोकळ्या खुंट्याशेजारी बसलं, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुढचा पेपर लिहून आलं. पास झालं, पुण्याला गेलं, तिथेच कुठल्याशा कंपनीत लागलं. पुढे गावात लग्नकार्याला दिसायचं. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने जायचं. बापाच्या पाया पडायचं, पण बापाशेजारी बसताना मी त्याला पाहिलं नाही.

मग एका म्हशीने बाजारात आबाला दाबलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, बाजार बंद झाला. दिवसभर खाटेवर पडून वहिनींना शिव्या देणं एवढा एकच उद्योग उरला.

तेव्हा पोराने ते मशीन पाठवलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटीची ही गोष्ट. आमच्याकडे कॉम्प्युटर फक्त साखर कारखान्याच्या ऑफिसात, तोही काचेच्या खोलीत आणि चपला बाहेर काढून. हा तर लॅपटॉप! पोराचा एक वर्गमित्र लग्नाला गावी येत होता, त्याच्या हाती धाडला. काळी, जाड पेटी, वहीसारखी उघडणारी. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा. लाइट गेली की खेळ बंद.

आबाने तो मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग बटनांवरून अंगठा फिरवला.

"एक दात पडलाय."

खरंच एक बटन नव्हतं. ओट्यावर जमलेली माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "आबा, पोरानं जुळलेला धाडला तुमाला!"

तो हसला नाही. "पोरानं धाडलाय," म्हणाला, नुसतं एवढंच.

वर्गमित्राने त्याला पत्त्यांचा डाव दाखवला आणि एक मोटारीची शर्यत. पत्ते त्याने एका दिवसात सोडले. शर्यतीला मात्र चिकटला तो चिकटलाच. रस्त्यावरून जाताना आतून आवाज यायचा, "हुर्रर! हाल की रांडंच्या! वळ, वळ!" जसा काही बैलच हाणतोय. ज्या माणसाने आयुष्यात हातात साधं मोटरसायकलचं हँडल धरलं नाही, तो मला, टेम्पोवाल्याला, वळण कसं घ्यायचं ते शिकवायला लागला.

एक दिवस मला घेऊन एसटीडी बूथवर गेला. पुण्याला फोन लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण हा ओरडून बोलायचा.

"व्हय, चालतंय! ... दिवाळीला येतो का? ... दोघांची? म्हंजे तू आनि मी, एकाच टायमाला? ... आसं व्हय. ह्याच्यावर न्हाई चालत का? ... बरं. बरं. ठिवतो."

बाहेर आला तर चेहरा बदललेला. मला म्हणाला, "दोघांनी मिळून खेळायची शर्यत आसती. एक गाडी त्याची, एक माझी. शेजारी बसून खेळायची. पर ह्या मशीनवर न्हाई चालत म्हनला. मशीन कमी पडतंय."

"मग?"

"मग काय. चालवायचं."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पोरगं सहज बोललं आसंल. ह्यानं गाठ मारली." तिला बरोबर कळलं होतं. पण आबाला सांगणार कोण? पाखऱ्यानंतर पहिल्यांदा पोरगं शेजारी बसेल, असं त्याला दिसलं होतं.

नगरला कॉम्प्युटरचं एक दुकान होतं. काठी, पिशवीत मशीन, आणि मी. एसटीने गेलो. दुकानात चष्मा लावलेला एक पोरगा होता. त्याने मशीन उघडून बघितलं आणि मान हलवली.

"काका, हे जुनं मॉडेल आहे. मेमरी वाढवता येईल, डिस्क मोठी टाकता येईल. पण प्रोसेसर आहे तोच राहणार, तो बदलता येत नाही. म्हणजे मेंदू तोच."

"मेंदू तर माझाबी तोच हाय," आबा म्हणाला. "शर्यत चालंल का न्हाई ते सांग. दोघांची."

"चालेल. रडत चालेल. वर्षभरात पुन्हा कमी पडेल. प्रामाणिकपणे सांगतो, ह्याच्यावर खर्च करू नका. त्यात थोडी भर घालून घरात ठेवायचा चांगला कॉम्प्युटर येईल."

दुकानातल्या पोराने नीट समजावलं. मलाही पटलं. मी आबाला बाजूला घेतलं. "आबा, बैलाला पेंड वाढवली म्हनून तो तरना व्हतो का? तुमीच सांगता न्हवं, जुन्यावर खर्च करायचा न्हाई म्हनून?"

"गप बस."

"न्हाई, पर सांगता न्हवं?"

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "डायवर, नवीन घेतलं तर ते मी घेतलेलं आसंल. हे त्यानं दिलेलं हाय. त्यो आला तर कशापुढं बसंल?"

मी त्याला परत दुकानातल्या पोरासमोर नेलं.

मग आबाने एक घोळ घातला. आमच्या गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं धरायची. बोटांवर भाव. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. पटला नाही तर समोरचा हात तसाच पडू देतो, पटला तर दाबतो. दाबला की सौदा झाला, मग बापसुद्धा मोडू शकत नाही. पोरगा भाव सांगायला तोंड उघडत होता तेवढ्यात आबा म्हणाला, "तोंडानं न्हाई," आणि खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकला.

पोरगा दगडासारखा उभा राहिला. आबा छताकडे बघत होता. बोटं चालू असली की तो नेहमी वरच बघायचा. त्याचा खांदा हलला. थोड्या वेळाने परत हलला. परत हलला. पोराचे कान लाल झाले, त्याने माझ्याकडे बघितलं. मी तरी काय सांगणार! गिऱ्हाइकं हसायला लागली. शेवटी, म्हाताऱ्याला हात मिळवायचा असेल असं समजून, पोराने आबाचा हात घट्ट दाबला आणि म्हणाला, "थँक यू, काका."

"झालं," आबा म्हणाला. घाम पुसला.

मालक आतून आला. आबाने त्याला ठरलेला भाव सांगितला. पोरगा काहीतरी बोलणार होता, पण मालकाने त्याला डोळ्याने गप्प केलं. मालक आमच्याच भागातला असावा. त्याने टॉवेल बघितला, आबाला बघितलं, आणि म्हणाला, "हात दिला तर दिला. पुढच्या आठवड्यात पैसे आणा, मशीन न्या."

परतीच्या एसटीत आबा खूश होता. "लई चिवट पोरगं. मी वाढवतोय, वाढवतोय, पट्ठ्याचं बोट हाललं न्हाई. आसला कसलेला मानूस मी बाजारात बघितला न्हाई."

मी म्हणालो, "आबा, त्याला त्यातलं कायबी कळत नव्हतं. तुमचं तुमीच वाढवत गेला."

करंजीचा घाट आला, गेला.

"पर हात दाबला न्हवं?"

"दाबला. पर..."

"मग गप. दाबलेला हात मी कधी सोडवला न्हाई."

अख्ख्या पंचक्रोशीत ज्याला कोणी गंडवलं नाही, त्याने स्वतःच स्वतःला गंडवलं. मी पोट धरून हसलो असतो, पण शेजारी तोच बसला होता.

पुढच्या आठवड्यात माझी बायको दुधाला गेली आणि रिकामी चरवी घेऊन परत आली.

"आबानं तांबडी विकली."

"कुनाच्या टेम्पोत न्हेली?" मी विचारलं.

"तुमाला टेम्पोचं पडलंय! वहिनी तिथं दावं धरून बसलीय."

टेम्पो पाथर्डीहून आला होता. वहिनी खुरपायला गेल्या होत्या तेवढ्यात काम उरकलं. मला बोलावलं असतं तर माझ्या बायकोला कळलं असतं, म्हणून मला टाळलं. त्या संध्याकाळी आम्ही कोरा चहा प्यायलो. बायको म्हणाली, "ह्याला पोराला मशीननं बोलवायचंय, आनि पोराच्या आईला विचारलंसुद्दा न्हाई."

मशीन घरी आलं. दुकानातल्या पोराने दोघांची शर्यत आत भरून दिली होती. चष्म्यावाल्याने सांगितलं तशीच, रडत चालत होती, पण चालत होती. आबा माणसं बोलावून दाखवत होता. तेवढ्यात वहिनी आत आल्या, हातात तांबडीचं दावं. ते त्यांनी मशीनशेजारी ठेवलं.

"घ्या. आता ह्याला बांधा."

जमलेली माणसं एकेक करून उठली.

दिवाळी आली. वसुबारसेच्या संध्याकाळी आबाने मला बोलावून घेतलं होतं, लाइटचा आकडा सुटला तर बघायला माणूस हवा म्हणून. त्याने खाटेसमोर टेबल लावलं होतं, शेजारी स्टूल, स्टुलावर घोंगडीची घडी. मशीनच्या पडद्यावर दोन गाड्या रेषेवर उभ्या.

पोरगं आलं तेव्हा वहिनी पूजेचं ताट घेऊन दारातून बाहेर पडत होत्या. मी ओट्यावर होतो.

"आई, कुठं निघालीस?"

"शेजारच्या गोठ्यात. बारस हाय न्हवं, गाय पुजायची."

"आणि तांबडी?"

वहिनींनी हनुवटीने आतल्या खोलीकडे दाखवलं.

पोराने बॅग खाली ठेवली नाही. तसाच गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. आत आबाने पावलं ऐकली होती, त्याचा आवाज आला, "आला का? ये, ये. चालतंय आता. दोघांचं चालतंय!"

पोरगा खोलीच्या दारात येऊन थांबला. पायात बूट तसेच.

"कशाच्या पैशांनी केलं हे?"

"कशाच्या का आसना. बस. तुझी गाडी पांढरी."

"आबा, मी फोनवर सहज बोललो होतो."

"सहज बोलला तरी मी केलं न्हवं? बस. दोन डाव खेळ."

"ते ऑफिसात भंगारात काढलं होतं," पोरगा म्हणाला. आवाज अगदी शांत. बापावर गेला होता. "फेकायचंच होतं, म्हणून इकडं धाडलं."

आबाचा अंगठा बटनावर होता, तो तिथेच राहिला.

"फेकायचं हुतं," तो म्हणाला, "तरी माझ्याकडंच फेकलं न्हवं?"

पोरगा वळून ओट्यावर आला. आईच्या हातातलं ताट घेतलं आणि तिच्याबरोबर शेजारच्या गोठ्यात गाय पुजायला गेला. जेवला तो चुलीपाशी, आईजवळ. सकाळच्या पहिल्या गाडीने गेला.

महिन्याभराने परत आला आणि आईला पुण्याला घेऊन गेला. वहिनी माझ्या बायकोला सांगायला आल्या, "चार दिस जाऊन येते." परत आल्या नाहीत. माझी बायको, खोकत खोकत, आबाला भाकरी नेऊन द्यायची. तीच बोलायची त्याला. "आता जबडा उघडून बघा घराचा," म्हणायची. तो भाकरी खायचा आणि ताट पुढे सरकवायचा.

शिमग्याच्या आधी तो गेला. बायको भाकरी घेऊन गेली तर खाटेवर थंड पडलेला. पोरगा आला, अग्नी दिला, विधी नीट केले, घराला कुलूप लावलं. मशीन आतच राहिलं. बायको म्हणाली, "बरं झालं, सुटला. त्याला आसंच पायजे हुतं." मी वाद घातला नाही. ती काही खोटं बोलत नव्हती.

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. तिला सांगितली असती तर ती त्याला शिव्या देत रडली असती, आणि रडली की तिला दम लागायचा. आता ती नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी मी त्याच्याकडे गेलो होतो. दार उघडं होतं. तो मशीनपुढे बसला होता, पाठ माझ्याकडे. शेजारचं स्टूल तसंच, घोंगडीची घडी तशीच. पडद्यावर दोन्ही गाड्या पळत होत्या. मला वाटलं, कोण खेळतंय दुसरं? मग दिसलं. उजव्या हाताने तो आपली काळी गाडी चालवत होता आणि डाव्या हाताने पोराची पांढरी. दोन हात, दोन गाड्या. डावा हात त्याचा तितका चालत नव्हता. पांढरी गाडी सारखी कठड्याला धडकायची, तो तिला सोडवायचा, परत रस्त्यावर आणायचा, तेवढ्यात काळी पुढे निघून जायची. मी उभा राहून तीन-चार डाव बघितले. प्रत्येक डाव काळीने जिंकला.

मी म्हणालो, "आबा, हातात तर दोन्ही तुमच्याच हायेत. एकदा तरी जिंकू द्या की त्याला."

त्याने मागे वळून बघितलं नाही. गाड्या परत रेषेवर आणून उभ्या केल्या.

"फुकट कशापायी?" म्हणाला. "जिंकायचं आसंल तर यावं की त्यानं."